चाला बठ्ठा

हितेंद्रला रस्ता कसा आहे विचारलं की तो आकाशवाणीसारखा सुरू होतो. "साक्री ते नेर, एकेरी वाहतूक, धूळ. कुसुंब्याला खडी सांडलेली. धुळ्यानंतर मक्खन. पारोळ्याआधी एक खड्डा आहे, तो मात्र जपून." माझा नवरा ठिबकच्या नळ्या विकतो, त्यामुळे महिन्यातले वीस दिवस महामार्गावरच असतो. त्याच्या मोबाइलवर 'सुरत-नागपूर रस्ता कसा शे' नावाचा एक ग्रुप आहे. चारशे माणसं, बहुतेक ट्रकवाले. सकाळी उठून लोक देवाला हात जोडतात, हितेंद्र तो ग्रुप उघडतो.

मी जळगावच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. भिंगाखाली नसायला हवं ते काही दिसलं, तर आधी काच पुसायची आणि पुन्हा बघायचं, ही आमची शिस्त. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या दिवशी मी पुष्कळ वेळा काच पुसली.

लेक सव्वातीन महिन्यांची झाली होती आणि माझं माहेरपण संपलं होतं. पिंपळनेरहून नशिराबादला, तिच्या स्वतःच्या घरी, तिला पहिल्यांदा न्यायचं होतं. दवाखान्याच्या कार्डावर ती अजून 'बेबी ऑफ पुनम'च होती. बाराव्या दिवशी सासरी सुतक आलं, मग आत्याबाईंची, म्हणजे माझ्या नणंदेची, कामिनीची परीक्षा आली. शेवटी बारसं ठरलं दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. नाव कामिनीनं ठरवलं होतं आणि ते तिजोरीत ठेवावं तसं पोटात ठेवलं होतं. सासूबाईंची एकच अट होती, दिवस मावळायच्या आत पोर गावच्या शिवेत आली पाहिजे.

निघताना माझी आई, प्रमिलाबाई, आमच्याबरोबर गाडीत बसली. तिला आम्ही माय म्हणतो. गाडी लागते म्हणून ती पुढे बसली, मी लेकीला घेऊन मागे डावीकडे. माझ्या बाजूच्या दोन जागा रिकाम्या होत्या. सामान सगळं डिकीत.

साक्रीला लंगोट बदलायला थांबलो. परत गाडीत बसताना मायनं मला अडवलं.

"थांब. पोरले हाक मारी लेऊ दे. तुना पाय भुईले लागना ना!"

आमच्याकडची जुनी रीत आहे. लेकरू पहिल्यांदा आपल्या घरी निघालं की वाटेत जिथे जिथे त्याला घेतलेल्या बाईचा पाय जमिनीला लागेल, तिथून निघताना गाडीचं दार उघडं धरायचं, लेकराचं नाव घ्यायचं आणि तीनदा हाक मारायची. नाहीतर लेकरू घरी पोचतं, पण त्याचा जीव तिथेच रस्त्याकडेला रेंगाळत राहतो.

"निंबाना पोऱ्या दख," माय म्हणाली. "गाडीमा बसना, पन उना नही." गाडीत बसला, पण आलाच नाही.

निंबामामाचा मुलगा आता कॉलेजात आहे आणि त्याचं कशातच लक्ष नसतं. त्याला मोबाइल हे कारण पुरेसं आहे, असं मी म्हणाले. पण मांडीवरच्या लेकीकडे नकळत बघितलं. नुकतीच ती माझ्याकडे बघायला शिकली होती. दूध पिताना मधेच थांबायची, मान मागे घ्यायची, हजेरी घेतल्यासारखं माझ्याकडे बघायची आणि मी हजर आहे असं दिसलं की पुन्हा प्यायला लागायची. दिवसातून आठ-दहा वेळा. तीन महिन्यांची अपुरी झोप त्या एका नजरेवर फिटायची. ती नजर रस्त्यात कुठे राहून गेली तर, असा विचार मनात आला आणि मी मुकाट्यानं दार उघडं धरलं.

"पण माय, नाव कुठं आहे हिला?"



"चिमणी म्हण," हितेंद्र पुढून म्हणाला. "घरात चिमणीच म्हणतो आपण."

"लाडनं नाव रस्तावर लेवानं नही, जवाईबोवा. जलमभर चिकटी जास. साठ वरिसनी व्हई तरी लोके चिमणीच म्हनतीन." मग तिनं एस.टी.च्या कंडक्टरसारखा एक हात दारावर ठेवला, साक्रीच्या भर स्टँडकडे तोंड केलं आणि हाळी दिली.

"चाला बठ्ठा! घर चाला! चाला बठ्ठा, घर चाला!"

सगळे चला, घरी चला. तीनदा. एक केळीवाला वळून बघायला लागला.

"माय, आपण एकटीला नेतोय. बठ्ठा म्हणजे कोण?"

"बठ्ठामा ती उनी ना!" माय म्हणाली. सगळ्यांत तीही आली, या हिशेबात चूक काढायला मला जागा सापडली नाही.

नेरच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. वीस मिनिटं गाड्या उभ्या. मागे डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या, पुढे नुसती धूळ. लेक किरकिरायला लागली म्हणून मी खाली उतरून तिला बाभळीच्या सावलीत झुलवलं. निघताना मायची हाळी झाली. या वेळी तिनं दार जरा जास्तच वेळ उघडं ठेवलं.

"लावा की आता," हितेंद्र म्हणाला.

"बसू द्या निवांत," माय म्हणाली. कोणाला, ते तिनं सांगितलं नाही. मला वाटतं, तिलाही माहीत नव्हतं.

गाडी निघाली आणि टुंग-टुंग वाजायला लागलं. मागच्या सीटचा पट्टा लावला नाही की आमची गाडी वाजते. माझा पट्टा लावलेला होता. हितेंद्रनं डॅशबोर्डवर बघितलं. मधल्या सीटचा दिवा लाल झाला होता.

"बॅग ठेवलीस का तिथं?"

"नाही. रिकामी आहे."

"सेन्सरमध्ये धूळ गेली," तो म्हणाला. मीही तेच म्हणणार होते. पण त्या आवाजानं डोकं उठलं, तेव्हा मी हात लांबवून रिकाम्या सीटला पट्टा लावला. आवाज थांबला. दोन मिनिटांनी उजव्या सीटचा सुरू झाला. तोही लावला. हितेंद्रनं आरशातून त्या दोन नीट बांधलेल्या मोकळ्या जागांकडे बघितलं आणि ग्रुपवर संदेश सोडला, "नेरला धूळ फार आहे मंडळी, सेन्सर सांभाळा."

धुळ्याबाहेर एका हॉटेलात जेवायला बसलो. पांढऱ्या मिशांचा वेटर पाण्याचे ग्लास घेऊन आला आणि मांडत गेला. सात.

"तीनच माणसं आहोत, बाबा," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. पण चार ग्लास उचलले नाहीत. "राहू द्या. उन्हातून आलेत."

मायनं शेवभाजी खाल्ली, हितेंद्रनं दोन कप चहा घेतला. उठताना माझं लक्ष गेलं. सातही ग्लास रिकामे होते. मायला तहान फार लागते. हितेंद्रही पाणी पुष्कळ पितो. मी घोटही घेतला नव्हता. सात भागिले दोन, साडेतीन. अशक्य काही नव्हतं. मी काच पुसली.

मायनं हॉटेलच्या दारात हाळी दिली. गल्ल्यावरच्या माणसानं हात जोडले.

फागणे सोडलं तेव्हा हितेंद्रचं रस्त्याकडे निम्मंच लक्ष होतं. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा तो तापलेल्या पोराच्या थर्मामीटरसारखा बघत होता. "सकाळी एकोणीस होतं. आता बारा. सपाट रस्ता, वारा नाही, चढ नाही. बारा!" त्याच्या आवाजात खरं दुःख होतं. लग्नात माझ्या मामानं त्याचा मान राखला नाही, तेव्हासुद्धा तो इतका दुखावला नव्हता.

तेवढ्यात ग्रुपवर एका ट्रकवाल्याचा आवाज आला. हितेंद्रनं तो स्पीकरवर लावला.

"राम राम मंडळी. धनसिंग बोलतोय, मुकटीपासून. माझ्यापुढे एक पांढरी गाडी चाललीय. त्या भाऊनं मागच्या काचेत पोरं उभी केलीत. चार-पाच तरी असतील. अरे दादा, खाली बसव त्यांना. ब्रेक लागला म्हणजे?"

"असे लोक असतात," हितेंद्र चिडला. "लेकरांच्या जिवाशी खेळ. लायसन्स काढून घेतलं पाहिजे." त्यानं तसं बोलून पाठवूनही दिलं.

धनसिंगचं लगेच उत्तर आलं. "बरोबर आहे भाऊ. एकोणीस पासिंग आहे, शेवटचे आकडे चाळीस सव्वीस."

आमचा नंबर चाळीस सव्वीस आहे.

मी मागे वळून बघितलं. काचेवर नेरची धूळ बसली होती. त्या धुळीत आतल्या बाजूनं बोटांचे ठसे होते. लहान, बुटके. धूळ बाहेरून होती, ठसे आतून होते. मी ओढणीनं काच पुसली. खरोखरची.

मग लेकीकडे बघितलं. ती जागी होती आणि हसत होती. माझ्याकडे बघून नाही. मधल्या सीटकडे बघून. मी तिला पाजायला घेतलं. ती प्यायली, मधे थांबली, मान मागे घेतली. हजेरी घेतली. आधी मधल्या सीटची, मग उजव्या सीटची, मग माझ्या खांद्यामागची. आणि पुन्हा प्यायला लागली.

माझा नंबर आलाच नाही.

पारोळ्याआधीच्या त्या प्रसिद्ध खड्ड्यात मागचं चाक बसलं. त्याबद्दल चारशे माणसांना सावध करणारा माणूस स्वतः गाडी चालवत होता, हे मायनं बोलून दाखवलं नाही, पण तिचा चेहरा बोलला. पुढेच पंक्चरवाल्या चिंधाभाऊंचं दुकान होतं. त्यांनी जॅक आणला, गाडीभोवती एक फेरी मारली.

"भाऊ, आधी माणसं उतरवा. मग जॅक लावतो."

"उतरलो की सगळे," हितेंद्र म्हणाला. आम्ही तिघं आणि लेक झाडाखाली उभे होतो.

चिंधाभाऊंनी गाडीत डोकावून बघितलं. बराच वेळ. मग ते हितेंद्रकडे वळून हळूच म्हणाले, "बरं, राहू द्या. नुसतं सांगा त्यांना, हलू नका म्हणून."

हितेंद्र पुढे झाला. शास्त्र शाखेचा पदवीधर, जिल्ह्यातला दोन नंबरचा सेल्समन. त्यानं खिडकीपाशी जाऊन घसा साफ केला आणि म्हणाला, "हलू नका रे."

गाडी तोवर किंचित डुलत होती, ती थांबली.

पंक्चर निघाल्यावर मायनं सवयीनं दार धरलं. मी ओरडले, पण तोवर तीनदा झालं होतं. गाडीची मागची बाजू आमच्या देखत चार बोटं खाली बसली. मायचा हात तोंडावर गेला.

"माय व!" ती पुटपुटली. "हाई बठ्ठं मनामुळे व्हयनं का?"

हे सगळं तिच्यामुळे झालं का, ते ठरवायला वेळ नव्हता. आम्ही बसलो. म्हणजे बसावं लागलं. मी दाराला चिकटून बसले, कारण का कोण जाणे, जागा कमी वाटत होती.

आता नशिराबादपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही, असं ठरलं. पाय लागला नाही तर हाक नको, आणि हाक नाही तर नवीन कोणी नको. एरंडोल आलं. दोन कप चहा घेतलेल्या हितेंद्रनं एका पेट्रोल पंपाकडे असं बघितलं, जसं लोक शेवटच्या एस.टी.कडे बघतात. "फक्त मीच उतरतो. बाळाला घेतलेली बाई मी नाही." "नका जवाईबोवा," माय म्हणाली, "आपुनले काय माहीत, नियम कसा शे तो!" पुढचे तीस किलोमीटर त्यानं ग्रुपवर एकही संदेश टाकला नाही.

रस्ता मात्र खरोखर मक्खन होता. दोन्हीकडे वेचणीला आलेली कपाशी, उतरतं ऊन. पाळधी गेलं. गाडीत कोणीतरी दूध प्यायल्यावर येतो तसा वास येत होता. माझ्या लेकीचा नव्हे. तिचा वास मला झोपेतही ओळखू येतो.

गिरणेच्या पुलावर कपाशीची एक ट्रॉली कलंडली होती. गाड्यांची रांग लागली. आम्ही पुलाच्या मध्यावर उभे. दहा मिनिटं झाली आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली.

"इंजिन तापलं," हितेंद्र म्हणाला. "इतक्या वजनानं तापणारच." हे वाक्य त्यानं किती सहज म्हटलं, ते त्याच्या लक्षातही आलं नाही. "उतरा. आत बसू नका."

मी उतरले. दोन्ही पाय पुलावर लागले.

वाफ निवाली, पाणी घातलं, रांग पुढे हलायला लागली. सूर्य नदीवर हातभर उरला होता. माय दाराशी उभी होती, पण तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते.

मलाही कळत होतं. 'बठ्ठा' म्हटलं तर या पुलावरचे आणखी कोण कोण येतील. आणि हाकच मारली नाही, तर माझी लेक इथे राहील. गिरणेच्या पुलावर, वाळूच्या ट्रकांमध्ये, सव्वातीन महिन्यांची.

मी कामिनीला फोन लावला.

"नाव सांग."

"वहिनी! उद्या सांगणार की! बारशाच्या आधी आईनं ऐकायचं नसतं."

"कामिनी, मी पाया पडते तुझ्या."

"फोनवर कसल्या पाया पडता! इथं पेढे मोजतेय मी. आणि स्पेलिंगसुद्धा अवघड आहे, फोनवर नाही कळणार." तिनं फोन ठेवला.

मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.

मी लेकीला तोंडासमोर धरलं. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, गाडीत, एकेकाकडे.

मग मला जे पहिलं सुचलं ते नाव मी घेतलं. तिच्या कानाशी, अगदी हळू. एकदा. दोनदा.

तिचे डोळे थबकले.

तिसऱ्यांदा.

तिनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. नीट, पूर्ण, दूध पिताना बघायची तसं.

ते नाव मी मायला सांगितलेलं नाही. हितेंद्रला नाही. इथेही लिहिणार नाही.

गाडीत खट् झालं. मधल्या सीटचा पट्टा सुटला. मग उजवीकडचा, खट्. उजवं दार आम्ही उघडलं नव्हतं, ते उघडं होतं. गाडी हळूहळू वर उचलली गेली, बोटभर, दोन बोटं, चार.

आम्ही बसलो. हितेंद्रनं गाडी पुढे घेतली. मी मागच्या काचेतून बघितलं. रस्ता मोकळा होता, तरी तो ट्रक जागचा हलला नव्हता. आता हॉर्नही देत नव्हता. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर झुकला होता आणि शाळा सुटल्यावर मुलांना रस्ता ओलांडू देतात तसा हात हलवत होता, जा, जा, सावकाश जा.

त्याचा हात जळगावच्या दिशेनं होता. आमच्याच दिशेनं.

"अठरा झालं," हितेंद्र म्हणाला. त्यानं डॅशबोर्ड थोपटला.

दिवस मावळायच्या आत नशिराबादची शीव लागली. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीच्या डोळ्यांना पाणी लावलं. लेक सगळीकडे बघत होती, पण दर चार श्वासांनी माझ्याकडे. सगळी आली होती. माय त्या रात्री पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कामिनीनं पाळण्यात वाकून कानात कुर्रर्र केलं आणि नाव जाहीर केलं, विहांशी. अर्थ कोणालाच माहीत नव्हता, कामिनीलाही नाही, पण टाळ्या पडल्या. आमच्याकडचा आवाज मोठा. वाड्याबाहेर रस्त्यापर्यंत सहज गेला असेल.

आता ती पाच महिन्यांची झाली आहे. विहांशी म्हणून हाक मारली की ती अजिबात बघत नाही. डॉक्टरांनी कान तपासले, उत्तम आहेत. कामिनी फार हिरमुसली आहे. घरात कोणी नसलं की मी पुलावरचं नाव हळूच घेते आणि ती लगेच वळते, सगळं तोंड भरून हसते. माझं भागतं.

सासूबाईंची मात्र काही तक्रार नाही. दुपारी चुलीपाशी पाठमोऱ्या बसून त्या भाकऱ्या थापतात आणि मधेच हाक मारतात, "विहांशी, ये गं, गरम भाकर देते." मग ओसरीवरून धावत येणारी पावलं ऐकू येतात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत.

"हळू पळ गं, पडशील," सासूबाई मागे न बघता म्हणतात.

माझी लेक तेव्हा माझ्या मांडीवर दूध पीत असते. तिला अजून बसतासुद्धा येत नाही.